अंतर किती आणि वेळ किती?

नागपूर व मुंबई यांमधील अंतर किती, असें वर्गांत विचारलें असतां दोन विद्यार्थी दोन निराळीं उत्तरें देतात, आणि तीं दोन्ही खरीं असूं शकतात. लोहमार्गानें हें अंतर सुमारें 837 किलोमीटर आहे. परंतु सोनेगांवच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा धरिली, तर ती सुमारें 685 किलोमीटरच भरते. आगगाडीस घाट, नद्या व गांवें पाहून वळावें लागतें. विमानास तें बंधन नाहीं.

आतां वेळेचा हिशेब करूं. प्रवासी जेट विमान उंचावर ताशीं सुमारें 800 किलोमीटर वेगानें जातें. त्रैराशिक मांडिलें तर 51 मिनिटें येतात. तथापि वेळापत्रकांत सुमारें दीड तास दिलेला असतो. मग त्रैराशिक चुकलें काय? मुळींच नाहीं. त्यानें वेग आरंभापासून शेवटपर्यंत सारखा धरिला, एवढेंच. विमानास धांवपट्टीपर्यंत हळूहळू जावें लागतें, उंच चढावें लागतें, उतरतांना वेग कमी करावा लागतो, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या तळावर कधीं कधीं आपली पाळी येईपर्यंत आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय हिंवाळ्यांत उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तेव्हां मुंबईहून येणाऱ्या विमानास त्यांचें साह्य होतें, तर जाणाऱ्यास विरोध होतो.

याच हिशेबावर एके काळीं आपल्या नागपुरांत एक मोठी व्यवस्था चालत असे. 30 जानेवारी 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून टपालाचीं विमानें रात्रीं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास येथें एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरास परत जात. तेव्हांच्या डकोटा विमानाचा वेग ताशीं सुमारें 270 किलोमीटर धरला, तर मुंबईहून अडीच तास लागतात. परंतु 985 किलोमीटर दूर असलेल्या कलकत्त्याहून साडेतीन तासांहून अधिक लागतात. अर्थात् ज्यास दूरून यावयाचें त्यानें अगोदर निघालें पाहिजे. एका विमानास उशीर झाला, तर उरलेल्या तिन्ही शहरांचीं पत्रें खोळंबण्याचें भय होतें.

पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें. मुलास परीक्षेस किंवा मुलाखतीस विमानानें पाठवितांना तिकिटावरील दीड तास म्हणजेच सारा प्रवास, असें समजूं नये. घरापासून तळापर्यंतचा रस्ता, तपासणीसाठीं उड्डाणापूर्वीं राखावयाचे सुमारें दोन तास, उतरल्यावर सामानाची वाट पाहणें आणि मुंबईच्या रस्त्यांवरील गर्दी, हें सर्व मिळून पांच-सहा तास सहज जातात. सकाळीं दहाची मुलाखत असतां नागपुराहून आठचें विमान धरणारा उमेदवार कचेरीच्या दाराशीं पोहोंचेल, तेव्हां त्याचें नांव पुकारून झालेलें असेल.