डेसिबलचे अंकगणित

आज एक छोटेसे गणित सोडवू या. चौकात ध्वनिक्षेपकांची भिंत उभी आहे. तीत एकसारखे २० ध्वनिक्षेपक आहेत. समोरच्या एका ठरावीक जागी मोजला, तर आवाज १०० डेसिबल भरतो. आजूबाजूचे लोक तक्रार करतात, पोलीस येतात आणि कार्यकर्ते मोठ्या मनाने १० ध्वनिक्षेपक बंद करतात. आता त्याच जागी आवाज किती डेसिबल भरेल?

वर्गात हा प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरून ताबडतोब उत्तर येते, "५०!" खरे उत्तर आहे ९७. एवढेच नव्हे, तर वीसपैकी एकोणीस बंद करून एकच चालू ठेवला, तरी यंत्र सुमारे ८७ दाखवील. पोलिसांना वाटते, निम्मे बंद झाले. कार्यकर्त्यांना वाटते, आपण केवढी तडजोड केली. घरात झोपलेल्या आजारी माणसाला मात्र फरक जेमतेम जाणवतो. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. डेसिबल हे मापच असे आहे की त्याला आपली नेहमीची बेरीज-वजाबाकी लागू पडत नाही.

असे विचित्र माप कशासाठी घेतले? त्याचे कारण आपल्या कानात आहे. निरोगी तरुण कानाला जो अगदी क्षीण आवाज ऐकू येतो, त्याची तीव्रता एका चौरस मीटरवर एका वॉटच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश एवढीच असते. त्या आवाजाने हवेच्या दाबात होणारा बदल हा वातावरणाच्या दाबाचा सुमारे पाच अब्जावा भाग असतो आणि त्यामुळे हवेचे कण अणूच्या व्यासाहूनही कमी हलतात. दुसऱ्या टोकाला, कान दुखू लागतो तेव्हा तीव्रता चौरस मीटरला सुमारे एक वॉट झालेली असते. म्हणजे पहिल्या आवाजाच्या कितीपट? एकावर बारा शून्ये इतकीपट! धान्याचा एक दाणा आणि मालगाडीभर धान्य एकाच तराजूत तोलण्यासारखाच हा प्रकार.

एवढ्या शून्यांचे आकडे रोज कोण लिहीत बसणार? म्हणून दूरध्वनी क्षेत्रातील अभियंत्यांनी १९२० च्या दशकात एक युक्ती केली. पटीतली शून्ये मोजायची आणि त्यांना दहाने गुणायचे. दहापट तीव्रता म्हणजे एक शून्य, म्हणून १० डेसिबल. शंभरपट म्हणजे २०, हजारपट म्हणजे ३०. बारा शून्यांचे झाले १२०. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून 'बेल' हे एकक आले आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल. अकरावीत गेल्यावर यालाच लॉगॅरिदम म्हणतात हे तुम्हांला कळेल. सध्या एवढे लक्षात ठेवा, की दुप्पट म्हणजे ३ डेसिबल जास्त आणि निम्मे म्हणजे ३ डेसिबल कमी. मघाच्या गणितात ऊर्जा निम्मी झाली म्हणून १०० मधून ३ गेले, ९७ उरले.

आपला कानही साधारण याच पद्धतीने हिशेब करतो. तीव्रता दहापट झाली तर आपल्याला आवाज दहापट नव्हे, तर साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणूनच तर एवढा पल्ला त्याला पेलतो. पण यात एक धोका आहे. 'थोडाच मोठा आहे' असे वाटते, तेव्हा आत पोचणारी ऊर्जा थोडी वाढलेली नसते, ती कितीतरी पटींनी वाढलेली असते.

ही ऊर्जा कानात कोठे जाते, ते पाहा. पडद्याची थरथर तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या कानात पोचते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. या नळीत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी रांगेने बसलेल्या असतात. प्रत्येक कानात त्या साधारण पंधरा हजार असतात. द्रवाच्या लाटेने तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. शेतातून वाऱ्याची झुळूक गेली तर कणसे डुलतात आणि पुन्हा उभी राहतात, पण वादळ झाले तर पीक आडवे होते. मिरवणुकीहून आल्यावर कानात रात्रभर शिटी वाजत राहते, आवाज कापूस घातल्यासारखे दबके येतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. हे पीक आडवे झाल्याचे लक्षण आहे. बहुधा सकाळपर्यंत ते बरेचसे उभे राहते. पुन्हा पुन्हा असे झाले, की त्यातल्या काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी नव्याने तयार होतात. माणसाच्या कानात होत नाहीत.

यात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असा आणखी एक भाग आहे. बाहेरचे छिद्र ते पडदा ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला बंद असते. अशा नळीत कोणत्या तरंगलांबीचे अनुस्पंदन होते, हा प्रयोग प्रयोगशाळेत अनुनाद नळीवर तुम्ही पुढे करालच. तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर कंप्रता ३४०० हर्ट्झ येते. या भागातले आवाज आपला कान आपोआपच मोठे करून घेतो. त्यामुळे गोंगाटाने होणारी इजाही प्रथम याच्याच आसपास, ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसते. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांतील महत्त्वाचा भाग नेमका या उच्च कंप्रतेत असतो. असा माणूस बहिरा वाटत नाही. हाक मारली की ओ देतो. पण 'सात' म्हटले की 'आठ' ऐकतो आणि लोक पुटपुटतात अशी तक्रार करतो.

कान किती वेळ किती सोसू शकेल, याचाही हिशेब आहे. अमेरिकेतील व्यवसायसुरक्षा व आरोग्य या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेने कामगारांसाठी केलेली शिफारस अशी, की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे आपला तीनचा नियम लावा. ८८ डेसिबल म्हणजे ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा, ४ तास. ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. लहान मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना याहूनही सावध आहे.

आता आपल्याकडचे आकडे घ्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आता त्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे) विद्यार्थी व शिक्षक अनेक वर्षे विसर्जन मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत आवाज मोजत आले आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली होती. सरासरी, बरे का! तेथे तुम्ही हौसेने तीन तास उभे राहिलात, तर बारा दिवसांचा वाटा एका रात्रीत कानात भरला.

हे केवळ ध्वनिक्षेपकांनाच लागू आहे असे मानू नका. ढोलाच्या अगदी जवळही आवाज १०० च्या पुढे सहज जातो, आणि पथकातली मुले एक रात्र नव्हे, तर कित्येक आठवडे रोज सराव करतात. ढोल वाजवू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. चांगला ताल बसला की माझेही पाय थिरकतात. पण कानात घालायच्या स्पंजच्या गुंड्या औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. त्या नीट बसवल्या आणि आवाज १५ डेसिबलने जरी उतरला, तरी १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास होतात. साध्या कापसाच्या बोळ्याने एवढे काम होत नाही.

अशा भिंतींना गावोगाव 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांचे हे नाव, त्यांची १९६० च्या दशकातली पहिली कीर्ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या युक्तीसाठी झाली होती. गोंगाट घटवणाऱ्याच्या नावाने आपण गोंगाट करतो, हा दैवदुर्विलासच.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला, तर त्या जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. निवासी भागात दिवसा याचा अर्थ ६५. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात असे स्पष्ट केले, की गोंगाटापासून मुक्तता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ध्वनिक्षेपकाने आपला आवाज वाढवून तो इतरांच्या कानी घालण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही.

आपली भिंत आठवा. तिची जागेच्या सीमेवरची मोजणी १०० आहे असे समजू. ६५ वर यायचे तर ३५ डेसिबल उतरले पाहिजेत, म्हणजे ऊर्जा सुमारे ३२०० पटींनी कमी केली पाहिजे. जेथे १०० वॉट खर्च होत होते, तेथे वॉटचा जेमतेम बत्तीस हजारांश भाग पुरे! निम्मे ध्वनिक्षेपक बंद करून हे साधणार नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. बटणच खाली आणले पाहिजे.

दुसरी एक खोच नियमांतच दडलेली आहे. त्यांतले आकडे 'डेसिबल (ए)' मध्ये दिलेले आहेत. हळू आवाजात आपला कान खालच्या कंप्रतेला मंद असतो, म्हणून 'ए' जातीची मोजणी खर्जाचे आवाज मुद्दाम कमी धरते. ५० हर्ट्झला ही सूट सुमारे ३० डेसिबलची आहे. म्हणजे छातीत धडधड करणारा, खिडकीच्या काचा वाजवणारा ५० हर्ट्झचा ९५ डेसिबलचा दणका यंत्रावर ६५ च दिसेल. भिंती आणि बंद दारेही खर्जाला फारशी अडवत नाहीत. त्यामुळे 'आकडा तर मर्यादेत आहे' असे मंडळवाले म्हणतात आणि 'घर हादरते आहे' असे वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. मोजणीयंत्रावर 'सी' अशीही एक खूण असते. तिच्यात ५० हर्ट्झला सूट जवळजवळ नाही. दोन्ही खुणांवर मोजून पाहिले, तर फरकावरून खर्जाचे प्रमाण कळते. माझ्या मते आपल्या नियमांत या दुसऱ्या आकड्यालाही जागा हवी.

फटाक्यांच्या नियमातही असेच अंतर लपलेले आहे. एकेका फटाक्यासाठी १२५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ४ मीटरवरची. मोकळ्यात अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. वात पेटवून एका मीटरवर उभ्या असलेल्या मुलाच्या कानाशी तो किती होईल, ते करून पाहा. उत्तर १३७ च्या आसपास यायला हवे.

आणि एक प्रयोग. मोबाइलवर आवाज मोजणारे एखादे ॲप घ्या. शाळेच्या मैदानावर मध्यभागी रेडिओवरची नुसती खरखर लावून १, २, ४ आणि ८ मीटरवर मोजा. प्रत्येक वेळी सुमारे ६ ने घट मिळते का? मग तोच प्रयोग शाळेच्या अरुंद बोळात करा. तेथे घट कमी का येते, हे गुरुजींशी चर्चा करून ठरवा, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर काय होते त्याचा उलगडा होईल. मोबाइलचा आकडा तंतोतंत धरू नका. त्याचा सूक्ष्मध्वनिग्राहक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठा आवाज आणि खर्ज त्याला झेपत नाहीत. परंतु दोन मोजण्यांतला फरक मध्यम आवाजात बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो.

आपल्या घराच्या खिडकीतून आठवडाभर दर तीन तासांनी नोंद करा आणि आलेख काढा. २००० च्या नियमांत अशी तरतूद आहे, की आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, तर कोणीही नागरिक संबंधित अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. ती तक्रार लिहिताना हे दहा डेसिबल म्हणजे कितीपट, तेही सोबत लिहायला विसरू नका.