अण्णांची डायरी आणि माझा अल्गोरिदम

रविवारी सकाळी आमच्याकडे चहा होतो, तेव्हा गावाकडे संध्याकाळ झालेली असते. त्याच वेळेला अण्णांचा व्हिडिओ कॉल येतो. हवापाणी, नातवाची शाळा झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला, ‘मग, काय चाललंय कामाचं?’ माझंही उत्तर ठरलेलं, ‘चाललंय नेहमीचं.’ अण्णा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात तीस वर्षं होते. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. आमच्या कामांचा एकमेकांशी संबंध नाही, असं मी धरून चाललो होतो. गेल्या हिवाळ्यात तो समज गळून पडला.

मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहतो. हा सगळा भाग दूधदुभत्याचा. आमची कंपनी कारखान्यांच्या कंट्रोलसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातलं एका डेअरीचं काम माझ्याकडे आलं. दूध पाश्चराइज करताना ते 72 अंश सेल्सिअसवर किमान 15 सेकंद राहावं लागतं. तापमान कमी पडलं की ते दूध आपोआप मागे वळवलं जातं. ही सुरक्षेची व्यवस्था वेगळी, तिला आम्ही हात लावायचा नव्हता. आमचं काम त्याच्या अलीकडचं. दुधाचं तापमान बघून वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे ठरवणारा कंट्रोलर नीट लावून द्यायचा.

या कंट्रोलरला पीआयडी म्हणतात. नावाला घाबरायचं कारण नाही. गॅससमोर उभी राहून दूध तापवणारी आपली आई हेच करते. दूध गार असेल तर आच मोठी, हा झाला ‘पी’. बराच वेळ झाला तरी हवं तितकं तापत नाही, मग आच आणखी थोडी वाढवायची, हा ‘आय’. आणि दूध वर यायला लागलं की उतू जायच्या आधीच गॅस बारीक करायचा, हा ‘डी’. आत्ता किती चूक आहे, आतापर्यंत किती साचली आहे आणि ती कोणत्या वेगाने बदलते आहे, या तिन्हींना किती वजन द्यायचं याचे तीन आकडे असतात. ते शोधणं म्हणजे ट्यूनिंग.

गंमत म्हणजे, हे आकडे शोधण्याची जगप्रसिद्ध रीत आमच्या रॉचेस्टरचीच. इथल्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या जॉन झिग्लर आणि नॅथनिएल निकोल्स या दोघांनी ती 1942 मध्ये मांडली. फक्त ‘पी’ चालू ठेवून तो हळूहळू वाढवायचा. तापमान एकसारखे झोके घ्यायला लागलं की तिथला आकडा आणि एका झोक्याचा वेळ टिपून घ्यायचा. त्यावरून तिन्ही आकडे निघतात. रीत साधी, पण तिने लावलेला कंट्रोलर स्थिरावण्याआधी बराच झुलतो.

मला त्याहून सरस काहीतरी करून दाखवायचं होतं. मी जेनेटिक अल्गोरिदम वापरायचं ठरवलं. मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात या कल्पनेचा पाया घातला. शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणसं राखून ठेवतो, तसंच हे. तीन-तीन आकड्यांचे 60 संच कसेही निवडले. प्रत्येक संच डेअरीच्या कॉम्प्युटर मॉडेलवर चालवून पाहिला आणि तापमानाची चूक जितकी उशिरापर्यंत रेंगाळेल तितका जास्त दंड लावला. कमी दंडाचे संच राखले, त्यांचे आकडे एकमेकांत मिसळून नवी पिढी केली, मधूनच एखादा आकडा मुद्दाम बदलला. अशा 80 पिढ्या, म्हणजे 4800 चाचण्या रात्रीतून झाल्या. सकाळी स्क्रीनवर जी रेघ आली ती फ्रेम करून लावावी अशी होती. तापमान सरळ चढलं आणि 72 च्या जरा वर, ठरल्या जागी गपकन थांबलं.

आकडे डेअरीत पाठवले. दोनच दिवसांत तिथल्या जुन्या ऑपरेटरचा निरोप आला, ‘तुमचे आकडे काढून टाकले आहेत.’ व्हॉल्व्ह अखंड थरथरत होता, आणि संध्याकाळनंतर तापमान हेलकावे खाऊन दूध मागे वळत होतं. फुकट गेलेले तास आमच्या नावावर मांडले होते, ते वेगळंच.

त्या रविवारी अण्णांच्या प्रश्नाला मला नेहमीचं उत्तर देता आलं नाही. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘व्हॉल्व्हजवळ जाऊन उभा राहिलास का?’

‘नाही अण्णा, घरूनच. लॅपटॉपवरून.’

‘मग हंटिंग कसं कळणार तुला? आणि मोजमाप कधी घेतलं होतंस?’

‘सकाळी. प्लेटा धुऊन प्लँट सुरू झाल्यावर.’

‘अरे, दुधाच्या पातेल्याला खरवड धरते, तशी त्या प्लेटांना धरत नसेल का?’

मी गप्प झालो. अण्णा उठले आणि कपाटातून कारखान्याची एक जुनी खिशातली डायरी घेऊन आले. बॉयलरच्या पाण्याची पातळी राखणाऱ्या कंट्रोलरसाठी त्यांनी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: बगॅस कोरडा, बगॅस ओला, हंगाम अखेर. प्रत्येकीपुढे वेगळे आकडे. ओला बगॅस आला की जाळ मंदावतो, वाफेचा दाब पडतो आणि पाण्याची पातळी खोटी वर दिसते. त्या खोट्या पातळीवर विश्वास ठेवून पाणी तोडलं की घात. म्हणून वेगळे आकडे. कॉलेजात असताना हीच डायरी बघून मी म्हणालो होतो, ‘अण्णा, आता हे सगळं कॉम्प्युटर करतो.’ तेव्हा ते काही बोलले नव्हते. त्या दिवशीही त्यांनी ते काढलं नाही. मला मात्र आठवलं.

चूक अल्गोरिदमची नव्हती. मी जे मागितलं ते त्याने चोख दिलं होतं. मागण्यातच माझं चुकलं होतं. खऱ्या सेन्सरचा आकडा सतत किंचित थरथरतो. माझ्या मॉडेलमध्ये तो गुळगुळीत होता, त्यामुळे ‘डी’ भरमसाट वाढला आणि त्या थरथरीचा व्हॉल्व्हने नाच केला. व्हॉल्व्हच्या झिजेला मी दंडच लावला नव्हता, मग तिची फिकीर अल्गोरिदमने का करावी? आणि थर बसला की उष्णता दुधाला उशिरा पोचते. माझा कंट्रोलर मात्र सकाळच्याच घाईने वाफ वाढवत-कमी करत होता.

आता एकाऐवजी तीन मॉडेल केली: सकाळ, दुपार, संध्याकाळ. सेन्सरची थरथर घातली. व्हॉल्व्हच्या प्रत्येक हालचालीला थोडा दंड लावला. आणि तिन्हींपैकी ज्या मॉडेलवर कामगिरी सगळ्यात वाईट, तेच त्या संचाचे गुण धरले. नवी रेघ पहिलीइतकी देखणी आली नाही, जरा सावकाश चढत होती. साहेबांना दाखवताना थोडी लाजच वाटली.

या वेळी मी बर्फातून गाडी काढून डेअरीत गेलो आणि दिवसभर व्हॉल्व्हजवळ उभा राहिलो. संध्याकाळी तो ऑपरेटर आला, व्हॉल्व्हच्या दांड्याकडे दहाएक मिनिटं बघत राहिला आणि काही न बोलता आपल्या कामाला निघून गेला. आकडे अजून तेच आहेत.

पुढच्या रविवारी अण्णांशी पाऊण तास नुसतं कामाचंच बोललो. चहा गार झाला. शेवटी म्हटलं, ‘अण्णा, त्या डायरीच्या पानांचे फोटो पाठवा की.’

‘फोटो कशाला? यंदा डिसेंबरात ये. हंगाम चालू असतो, बॉयलरजवळच जाऊन उभं राहू.’

तिकिटं बघतोय.