कललेल्या टोपल्या

फूल, पान, चतुर यांनी नटलेली काचेची भांडी एमिल गालेनं फ्रान्समधल्या नान्सी शहरात १९००च्या आधीच केली होती. पण तिथं निसर्ग काचेच्या अंगावर होता, आम्लानं खोदलेला किंवा कोरलेला. तो काचेच्या वळणात उतरला फार नंतर.

मार्च १९६२. अमेरिकेतल्या टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातलं गॅरेज. हार्वी लिटलटन हा मूळचा मातीकाम शिकवणारा. कारखान्याबाहेर, छोट्या भट्टीवर कलावंताला स्वतः काच फुंकता येईल का, एवढंच त्याला पाहायचं होतं. पहिलं मिश्रण फसलं. मग काचतंत्रज्ञ डॉमिनिक लॅबिनोनं काचतंतूंसाठीच्या काचेच्या गोट्या वितळवायला सुचवल्या आणि गाडी रुळावर आली.

लिटलटनचा विद्यार्थी डेल चिहुली १९६८ साली इटलीतल्या काचकारांच्या मुरानो बेटावर जाऊन आला. १९७७मध्ये अमेरिकेतल्या टकोमा शहराच्या एका संग्रहालयात त्यानं तिथल्या आदिवासींच्या विणलेल्या जुन्या टोपल्या पाहिल्या, एकीत एक ठेवलेल्या, स्वतःच्याच भारानं कललेल्या. तसंच काचेचं करायचं ठरलं. एरवी पोक आलेलं भांडं कारागीर मोडीत टाकतो. इथं भिंत पातळ फुंकायची, तापवायची आणि तिला हवी तशी बसू द्यायची.

१९८०च्या सुमारास यातूनच समुद्री आकार निघाले. आपल्या चुलीजवळच्या फुंकणीहून कितीतरी लांब नळी. तिच्या टोकाचा तापलेला गोळा खाचा असलेल्या साच्यात फुंकतात. अंगावर पन्हळी उठतात. पुन्हा तापवून नळी गरगर फिरवली की काठ बाहेर पसरतो आणि झालरीसारखा लाटा घेतो. पन्हळी नुसत्या शोभेच्या नाहीत. पातळ काचेला त्यांनीच बळ येतं. शिंपल्याचंही तेच.

गंमत अशी, की तोवर चिहुलीनं नळी खाली ठेवली होती. १९७६च्या मोटार अपघातात डावा डोळा गेला, १९७९मध्ये लाटांशी खेळताना खांदा निखळला. त्यानंतर तो रेखाटनं करून सांगे, फुंकत दुसरेच. हे काम त्याचं म्हणावं का, यावर वाद घालणारे घालोत. मुरानोच्या भट्ट्यांवरही काच एकट्यानं होत नाही.

पुढे त्याची झुंबरं छताएवढी झाली. मला ती दिपवतात, पण थांबवत नाहीत. थांबतो तो त्या समुद्री वाडग्यापाशी: मोठ्यात लहान, त्यात आणखी लहान, आणि काठावरून फिरणारी रंगाची एक बारीक रेघ.