वीडबाई, तुमचं कूळ कोणतं?

दोन मोठ्या कुंड्या. एकीत राहतो बिल, दुसरीत बेन. दोघांचं अंगही कुंड्यांचंच! माळीकाका जेवायला गेले रे गेले, की ही जोडी हळूच डोकं वर काढते आणि बागेत धुडगूस घालते. दोघांच्या मधोमध मातीत उभी असते लिटल वीड. गोल हसरा चेहरा, भोवती पाकळ्या आणि किनऱ्या आवाजात ताणून म्हटलेला एकच शब्द, ‘वीऽऽऽड!’ इंग्रजीत वीड म्हणजे तण.

इंग्लंडमध्ये बीबीसीवर १९५२ साली सुरू झालेल्या ‘फ्लॉवर पॉट मेन’ या कार्यक्रमातल्या या कळसूत्री बाहुल्या. बिल आणि बेन कोण ते सगळ्यांना कळतं. पण वीडबाई नक्की कोण? कुणी म्हणतं सूर्यफूल, कुणी म्हणतं डँडेलियन. डँडेलियन हे तिकडच्या हिरवळीत माजणारं तण, आणि माळ्यांची डोकेदुखी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, रंग बघा की! पण दोन्ही फुलं पिवळीच. आणि तो कार्यक्रम होता कृष्णधवल. आजी-आजोबांना विचारा, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं तेव्हा आपल्याकडेही पडद्यावरचा झेंडू राखाडीच दिसायचा.

मग चेहराच तपासू या. त्यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. शाळेच्या वाटेवर, कुंपणाशी एकदांडी उगवलेली असते. काही जण तिला कंबरमोडी म्हणतात. एका लांब दांडीवर एकच फूल, म्हणून एकदांडी. ते तोडा आणि भिंगाखाली धरा.

मध्ये पिवळी गोल टिकली दिसते ना? ती टिकली म्हणजे इवल्या इवल्या नळीसारख्या फुलांचा गठ्ठा आहे. भोवतीच्या पाचेक फिकट ‘पाकळ्या’ही खरं तर पाकळ्या नाहीत. त्यातली प्रत्येक एक पूर्ण फूल आहे! म्हणजे तुमच्या चिमटीत एक फूल नाही, फुलांची अख्खी वसाहत आहे. सूर्यफूलही असंच. फक्त त्याची टिकली थाळीएवढी होते आणि मोठ्या सूर्यफुलात हजाराहून जास्त फुलं मावतात. टिकलीतल्या फुलांच्या बिया होतात, म्हणून तर सूर्यफुलाचं तेल निघतं.

आता पाथरी शोधा. ही शेताच्या बांधावर सापडते, हिच्या पानांची भाजीही करतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. फूल पिवळं, पण मधली टिकली गायब! सगळीच्या सगळी फुलं पट्टीसारखी. चिमट्याने एक पट्टी उपटून तिचं टोक पाहा. पाच बारीक दात दिसतील, कारण पाच पाकळ्या चिकटून ती पट्टी झालेली असते. एकदांडीच्या बाहेरच्या फुलाला मात्र तीनच दात. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी भेटेल त्याला भिंग देऊन दात मोजायला लावले होते!

डँडेलियन हे पाथरीचं जवळचं नातेवाईक. तोच पांढरा चीक, त्याच पट्ट्या, तीच वाऱ्यावर उडणारी म्हातारी. त्याची दांडी आतून पोकळ असते आणि तिच्यावर एकही पान नसतं. सगळी पानं खाली जमिनीलगत, कडा करवतीसारख्या. डँडेलियन या नावाचा अर्थच सिंहाचा दात! गंमत म्हणजे सूर्यफूल, एकदांडी, पाथरी, डँडेलियन, झेंडू, शेवंती ही सगळी एकाच कुळातली. त्याला सूर्यफूल कूळच म्हणतात.

चला, परत वीडबाईंकडे. डोळे आणि हसरं तोंड काढायचं तर मध्ये गोल जागा हवी. ती टिकली सूर्यफुलाकडे आहे, डँडेलियनकडे नाही. पण इंग्लंडच्या बागेत सूर्यफुलाला तण कोण म्हणेल? तिथे लोक ते हौसेने लावतात. म्हणून माझा निकाल असा : वीडबाईंचा चेहरा सूर्यफुलाचा, नाव डँडेलियनचं आणि कूळ दोघांचं एकच.

तुम्हाला पटत नसेल तर एकदांडी आणि पाथरीचं एकेक फूल आणा, उकला आणि दात मोजा. फुलं सकाळीच तोडा बरं का. पाथरीचं फूल उन्हं चढली की मिटून जातं.