कनेक्ट होतंय... जरा थांबा!

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय निघेल, सांगता येत नाही. आमच्याकडे यंदा एक पितळी बंब, संत्र्यांच्या दोन रिकाम्या पेट्या आणि त्यातल्या एका पेटीत जुन्या साडीत गुंडाळलेला मोडेम निघाला. सून म्हणाली, "आई, हे काय? जुना रेडिओ का?" मग मी तोंडाने त्याचा आवाजच काढून दाखवला. टूंऽऽ, किर्रर्र, खर्रर्र... आणि एकदम शांत! ती हसून हसून बेजार.

तुमच्यापैकी ज्यांनी तो आवाज ऐकलाय, त्यांना आठवेल. तो शांत झाला की समजायचं, लागलं कनेक्शन. आणि लागलं की फोनचं मीटर पळायला सुरुवात! त्या वेळात बाहेरून कुणी फोन केला तर सारखा एंगेज. मग संध्याकाळी नणंदेचा टोमणा, "काय वहिनी, दिवसभर कुणाशी गप्पा?"

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने आणलं. पण ते मोठ्या शहरांपुरतं. जिथे केंद्र नाही तिथून इंटरनेट लावायचं म्हणजे एसटीडीचा खर्च. म्हणून १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाने शिफारस केली, की गावोगावी केंद्रं होईपर्यंत जवळच्या केंद्राला लोकल कॉलच्या दरानेच फोन लागावा. वरूडला आमच्या घरी संगणक आला २००३ मध्ये, मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून. अभ्यास किती झाला ते सोडा.

त्याच वर्षीची गोष्ट. शेजारच्या आजींचा मुलगा अमेरिकेत. त्याला मुलगा झाला आणि त्याने बाळाचा फोटो आमच्या ई-मेलवर पाठवला. आजी सकाळ-संध्याकाळ यायच्या, स्टुलावर बसायच्या. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उमटायचा. आधी लोकरीची टोपी, मग कपाळ, आणि डोळे येणार तेवढ्यात लाइन तुटायची! पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "लेकराचं नुसतं कपाळच पाहून राह्यली वं मी. तोंड कवा दिसन?"

मला फार वाईट वाटलं. संगणकवाल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "मोडेम बदला, तीन हजार लागतील." आमचे हे तयारही झाले. पण माझं नुकतंच एमएस-सीआयटी झालेलं. म्हटलं, आधी सेटिंग तर बघू. "बिघडवशील," हे म्हणाले. म्हणून मी आधी सगळ्या जुन्या सेटिंग मुलाच्या रफ वहीत लिहून घेतल्या. (ही सवय आजही कामाची आहे. काहीही बदलण्याआधी पहिलं कसं होतं ते लिहून ठेवा.)

विंडोज ९८ होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'मोडेम्स' उघडलं. तिथे कमाल वेग ५७,६०० होता, तो १,१५,२०० केला. डायल टोनची वाट पाहण्याच्या चौकोनातली खूण काढली, कारण आपल्याकडचा टोन मोडेमला कधी कधी ओळखूच यायचा नाही. मग डायल-अप कनेक्शनमध्ये जाऊन 'लॉग ऑन टू नेटवर्क' बंद केलं आणि टीसीपी/आयपी सोडून बाकीचे दोन प्रोटोकॉल काढले. ते ऑफिसातल्या जोडलेल्या संगणकांसाठी असतात, घरात त्यांचं काय काम?

फरक पडला! पासवर्ड तपासत मिनिटभर ताटकळणं संपलं, झटकन आत. मी खूश. आजींना हाक मारली. आणि फोटो? पुन्हा कपाळापर्यंतच.

मग माझ्या लक्षात आलं. तो १,१५,२०० आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या वेगाचा. टेलिफोनच्या तारेचा त्याच्याशी संबंध नाही. घरापासून फाटकापर्यंत डांबरी रस्ता केला आणि पुढे बैलबंडीची वाट असली, तर संत्र्याचा ट्रक पळणार कुठून? घड्याळाशेजारच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं तर खरा वेग दिसायचा, आमचा होता २४,०००. मोडेमच्या खोक्यावर मात्र ठळक '५६ के'! त्यातही गंमत अशी, की हे ५६ हजार म्हणजे बिट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे अगदी पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला सात किलोबाइट. बाळाचा फोटो ९०० किलोबाइटचा, आमच्या वेगाने पाच-सहा मिनिटं हवीत आणि तेवढा वेळ लाइन टिकायची नाही.

दुपारी सहज रिसीव्हर कानाला लावला तर खरखर. रोजचीच, कान सरावलेले. पण मोडेमलाही ती ऐकू येत असणार ना! तार कुठून येते ते बघत निघाले. व्हरांड्यात जोड, त्यावर काळी टेप. तिथून एक फाटा स्वयंपाकघरातल्या फोनला, दुसरा सासूबाईंच्या खोलीत, आणि उरलीसुरली तार संगणकाला. स्वयंपाकघरातला फोन मीच हट्टाने घेतला होता, पोळ्या लाटताना धावायला नको म्हणून! तारेला मी हात लावला नाही. रिंग येते तेव्हा तिच्यात चांगला झटका बसेल इतकी वीज असते. वायरमनला बोलावलं. टेप सोडली तर तांब्यावर हिरवा गंज. त्याने ती तार कापून नवा जोड दिला, सरळ तार आधी मोडेमला नेली, स्वयंपाकघरातला फाटा कायमचा काढला. सासूबाईंचा फोन ठेवला, तो काढायची हिंमत कुणात होती?

संध्याकाळी कनेक्शन लागलं ४४,००० वर. ५६ हजार काही कधी दिसलं नाही, तांब्याच्या तारेवर ते सहसा मिळतच नसे. टोपी आली, कपाळ आलं. आजींनी पदर तोंडाशी धरला. डोळे आले, मिटलेले. मग नाक. "नाक त् आमच्याच घरचं हाये वं माय!" आजी ओरडल्या, आणि सासूबाई खोलीतून उठून आल्या. पूर्ण फोटो यायला जेमतेम तीन मिनिटं लागली. त्या दिवशीच्या मीटरचं कुणी नाव काढलं नाही.

तिकडे अमेरिकेत एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली ती थेट ३० सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी ती खरखर ऐकतच होतं!

आमच्याकडे आता फायबर आहे. तरी गेल्याच आठवड्यात सून म्हणत होती, आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो, मोठा प्लॅन घेऊ या. मी म्हटलं, थांब, आधी राउटर कुठे आहे ते बघू. तर तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून, वर क्रोशाचं कव्हर घातलेला! कव्हर अर्थात माझ्याच हातचं. ते काढलं, राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला. आतल्या खोलीतला तिचा फोनही २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून दिला, ते भिंतीपलीकडे जास्त पोचतं. प्लॅन जुनाच आहे. मोडेम भंगारात द्यायचा म्हणून बाहेर काढला होता, तो मात्र पुन्हा साडीत गुंडाळून माळ्यावर गेलाय.