पानामागची नोंदवही : पीएचपी आणि मायएसक्यूएल शिकताना

तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक वाचनालय नजरेसमोर आणावे. दहा-बारा हजार पुस्तके, काही शे सभासद आणि ग्रंथपालाच्या टेबलावर कापडी बांधणीच्या तीन जाड नोंदवह्या. गावातीलच एक महाविद्यालयीन विद्यार्थी हौसेने वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करतो. एचटीएमएल त्याला अवगत आहे, त्यामुळे संस्थेचा इतिहास, वेळापत्रक, पदाधिकाऱ्यांची नावे आणि दोन छायाचित्रे महाजालावर झळकतात. कौतुक होते. मग कोणीतरी विचारते, 'मृत्युंजय' आत्ता कपाटात आहे की कोणी घरी नेले आहे? या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या देखण्या पानांपाशी नसते. ते टेबलावरच्या नोंदवहीत असते.

स्थिर आणि गतिमान संकेतस्थळांतील फरक इथेच आहे. स्थिर पान हे छापील पत्रकासारखे असते. एकदा छापले की कोणी, केव्हाही वाचले तरी मजकूर तोच. गतिमान पान आधीपासून तयार नसतेच. वाचकाने मागणी केली की सर्व्हरवर बसलेली आज्ञावली नोंदवही उघडते, हवी ती ओळ शोधते, तिच्याभोवती पानाची चौकट रचते आणि तयार झालेले पान वाचकाकडे धाडते. हे काम वाचकाच्या संगणकावर न होता सर्व्हरवर होते, म्हणून त्याला सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग म्हणतात. या कामासाठी जगभर सर्वाधिक रुळलेली जोडी पीएचपी आणि मायएसक्यूएल यांची.

योगायोग असा की दोघांचाही जन्म 1995 सालचा. रासमुस लेरडॉर्फ यांना आपल्या वैयक्तिक पानावर किती जण येऊन जातात याची मोजदाद हवी होती. त्यासाठी त्यांनी लिहिलेली छोटी साधने 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने जून 1995 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि 1998 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिला आजच्या भाषेचे रूप आले. मायएसक्यूएल स्वीडनमधले. मायकेल विडेनियस यांच्या मुलीचे नाव 'माय', तेच या प्रणालीला मिळाले. (त्यांच्या धाकट्या मुलीच्या नावावरून पुढे 'मारियाडीबी' आले.) मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीही पीएचपीतच लिहिलेली असून तिच्यामागे माहितीसाठा सांभाळायला हीच मारियाडीबी आहे.

शिकण्याची सुरुवात घरच्या संगणकावर करता येते. झँपसारखे संच अपाची हा सर्व्हर, पीएचपी आणि माहितीसाठा एकत्रच बसवून देतात. बहुतेक नवशिके इथे पहिली ठेच खातात. पीएचपीची फाइल लिहून झाली की तिच्यावर दोनदा टिचकी मारतात. समोर एकतर कच्ची आज्ञावली दिसते किंवा अर्धवट पान. चूक आज्ञावलीत नसते. फाइल सर्व्हरच्या हाती न जाता थेट ब्राउझरकडे गेलेली असते आणि ब्राउझरला पीएचपी कळत नाही. तीच फाइल एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवून 'लोकलहोस्ट' या पत्त्याने मागितली की सर्व्हर ती पीएचपीकडे सोपवतो आणि पान उमटते. पानाचा स्रोत उघडून पाहिला तर त्यात पीएचपीची एकही ओळ नसते, निव्वळ एचटीएमएल असते. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा. कोणते काम कुठे होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

त्यानंतर कोष्टकांची आखणी. नवशिक्याचा कल एकाच लांबलचक कोष्टकात सारे भरण्याकडे असतो : पुस्तक, लेखक, नेणाऱ्याचे नाव, त्याचा पत्ता, दिनांक. वर्षभरात त्याची फळे दिसतात. लेखकाच्या रकान्यात कुठे 'पु. ल. देशपांडे', कुठे 'देशपांडे पु. ल.', तर कुठे नुसतेच 'पुल'. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन निराळे लेखक. सभासदाचे घर बदलले तर त्याने आजवर नेलेल्या साठ पुस्तकांच्या साठ ओळी दुरुस्त कराव्या लागतात आणि एखादी हमखास राहून जाते. यावरचा उपाय आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 मध्येच मांडलेल्या संबंधाधारित रचनेत आहे : प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा क्रमांक द्यावा. पुस्तकांचे कोष्टक वेगळे, लेखकांचे वेगळे, सभासदांचे वेगळे आणि देवघेवीच्या कोष्टकात केवळ पुस्तक क्रमांक, सभासद क्रमांक आणि दोन दिनांक. जुन्या ग्रंथपालांना यात नवल वाटणार नाही. दाखल नोंदवही आणि देवघेवीची वही ते पूर्वापार निराळ्याच ठेवत आले आहेत.

इथवर सारे आनंदाचे असते. शोधाची चौकट तयार होते, वाचक पुस्तकाचे नाव लिहितो, उत्तर मिळते. खरी जोखीम याच चौकटीत दडलेली आहे. माहितीसाठ्याला प्रश्न एसक्यूएल या भाषेत विचारला जातो आणि नवशिका तो प्रश्न शब्दांची गाठ मारून तयार करतो : स्वतः लिहिलेले अर्धे वाक्य, मग अवतरणचिन्हात वाचकाने लिहिलेले नाव. नावातच एखादे एकेरी अवतरणचिन्ह आले की वाक्य अवेळी तुटते आणि पानावर त्रुटीचा संदेश येतो. हा निरुपद्रवी प्रकार झाला. परंतु प्रवेशाच्या पानावर एखाद्याने परवलीच्या शब्दाच्या जागी आधी अवतरणचिन्ह बंद करून पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाचे एसक्यूएल लिहिले तर? एक बरोबर एक हे सदैव सत्य, म्हणून अट पूर्ण होते आणि परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही दार उघडते. परक्याने लिहिलेला मजकूर हुकूम बनतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

हा धोका 1998 पासून जाहीरपणे चर्चेत आहे, तरीही तो जुना झालेला नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या 1,56,959 ग्राहकांची माहिती याच वाटेने बाहेर गेली. त्यांपैकी 15,656 जणांचे बँक खाते क्रमांकही त्यात होते. भगदाड होते ते कंपनीने 2009 मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या व्यवसायाबरोबर आलेल्या जुन्या पानांत. 2016 मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड ठोठावला.

उपाय अवघड नाही, म्हणूनच तो न शिकवला जाण्याची खंत अधिक. प्रश्नाचा साचा आणि त्यात भरायचा मजकूर माहितीसाठ्याकडे स्वतंत्रपणे पाठवायचा. बँकेत पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर नावाच्या रकान्यात कोणी 'आणि शेजारच्या खात्यातूनही द्या' असे लिहिले, तरी रोखपाल ते नाव म्हणूनच वाचतो. तसेच इथे होते. या पद्धतीला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात आणि पीएचपीत पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय यांच्याद्वारे ती वापरता येते. अनेक जुन्या पुस्तकांत आणि धड्यांत मात्र मायएसक्यूएलची मूळ फंक्शनेच शिकवलेली आढळतात. ती 2013 मध्ये कालबाह्य ठरवण्यात आली आणि डिसेंबर 2015 च्या पीएचपी 7 मधून काढूनही टाकण्यात आली. धडा उतरवून घेतला आणि 'असे फंक्शन अस्तित्वात नाही' असा संदेश आला, तर नशिबाला दोष न देता धडा बदलावा. परवलीचे शब्द एमडी5 ने झाकायला सांगणाऱ्या धड्यांनाही हेच लागू. त्यासाठी 2013 पासून पासवर्ड-हॅश हे फंक्शन भाषेतच आहे. सभासदाचा अभिप्राय पानावर दाखवण्यापूर्वी त्यातील एचटीएमएलची चिन्हे निष्प्रभ करणे हा याच सावधगिरीचा दुसरा भाग. कुकी आणि सेशन यांचे तंत्र त्यामानाने चटकन समजते.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि इंग्रजी पुस्तके त्यावर सहसा बोलत नाहीत. सारे नीट लिहूनही पानावर पुस्तकाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. मायएसक्यूएलची मूळ अक्षरव्यवस्था 2018 च्या आठव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय लिप्यांपुरतीच होती. तीत देवनागरी मावत नाही. कोष्टक, पीएचपी व माहितीसाठा यांतील जोडणी आणि प्रत्यक्ष पान या तिन्ही ठिकाणी युनिकोड असल्याचे सांगावे लागते. माहितीसाठ्यात तर 'यूटीएफ8एमबी4' हेच नाव द्यावे, कारण तिथला नुसता 'यूटीएफ8' एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरीला तेवढे पुरतात. मोडी लिपीच्या अक्षरांना मात्र चार लागतात, आणि जुन्या वाचनालयांच्या कपाटांत मोडी कागद निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

'मराठी' हा शब्द पीएचपीच्या साध्या मोजणीला पंधरा लांबीचा वाटतो, कारण ती बाइट मोजते. 'एमबी' उपसर्गाचे फंक्शन पाच सांगते, कारण ते काना आणि वेलांटीही सुट्या धरते. वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरे तीनच. साध्या मोजणीवर विसंबून शीर्षक मध्येच छाटले तर शेवटी अर्धे अक्षर लटकते. 'वाऱ्यावरची वरात' मधला अर्धा र टंकायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या भिन्न आहेत, आणि जुळणीचे नियम ठरवले नाहीत तर पुस्तक कपाटात असूनही शोध रिता येऊ शकतो. नोंद करतानाच एक रूप ठरवून शोधालाही तेच लावणे हा त्यावरचा खात्रीचा मार्ग.

एवढे साधले की वाचनालयाचे पान महाजालावर चढवायला हरकत नाही. चढवण्यापूर्वी त्रुटींचे संदेश वाचकाला दिसणार नाहीत अशी सेटिंग करावी, कारण त्यांत कोष्टकांची नावेही उघडी पडतात. संकेतस्थळ ज्या खात्याने माहितीसाठ्याशी बोलते त्याला कोष्टक पुसण्याचा अधिकार देऊ नये. रोज रात्री साऱ्या कोष्टकांची एक प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवावी आणि महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या माहितीसाठ्यात भरून खरोखर उघडते का, हे पाहावे. पहिले वर्षभर कापडी बांधणीच्या नोंदवह्याही चालू ठेवाव्यात.