गोमंतकीय कुटुंबे : नागरिकत्व आणि आरोग्यसेवेचा हक्क

नागरिकत्व व आरोग्यसेवेचा हक्क या भिन्न संकल्पना आहेत. स्थलांतरित कुटुंबांत मात्र त्यांची गल्लत होते. या दृष्टीने गोव्याचे उदाहरण बोलके आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्तींना व त्यांच्या मुलांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील नागरिकत्व मिळविता येते. परंतु भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ९ नुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. परिणामी पती पोर्तुगीज व पत्नी भारतीय अशी कुटुंबे निर्माण होतात.

ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा प्रामुख्याने नागरिकत्वावर नव्हे, तर कायदेशीर वास्तव्यावर आधारलेली आहे. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे स्थायिक होऊन युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेखाली निवासाचा दर्जा मिळविलेल्या पतीस आरोग्य अधिभार द्यावा लागत नाही. त्या तारखेनंतर नाते जुळून विवाह झालेल्या भारतीय पत्नीस मात्र कौटुंबिक व्हिसाच्या अर्जासोबतच संपूर्ण मुदतीचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचा दर वार्षिक १,०३५ पौंड आहे.

पतीने पुढे भारतात परतून ओसीआय कार्ड घेतले, तरी मतदानाचा हक्क परत मिळत नाही. सारांश, हक्क कुटुंबाचा नसून व्यक्तीचा असतो. म्हणून स्थलांतरापूर्वी प्रत्येक सदस्याची स्थिती स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे ठरते.